पहिल्या शंभर पानांत तुमचं काय झालं? (फँटसी आणि साय-फाय वाचणाऱ्यांचे अनुभव)

मावसभावाला वाचनाची गोडी लावायची म्हणून मी त्याच्या हातात थेट फ्रँक हर्बर्टचं 'ड्यून' ठेवलं. आठवड्याने पुस्तक परत आलं, तेव्हा खूण सत्ताविसाव्या पानावर होती. "ताई, ही गोष्ट आहे की पेपर?" एवढंच म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. १९६५ सालच्या या कादंबरीत सुरुवातीलाच बेने गेसेरिट, गॉम जब्बार, क्विझात्झ हॅडेराक असे शब्द अंगावर येतात, आणि अर्थ बघायला पुस्तकाच्या शेवटी दिलेली शब्दसूची उलटायची. मला त्या उलटापालटीतच मजा आली होती. पण आपल्याला आवडलेलं पुस्तक आणि दुसऱ्याला पहिलं म्हणून द्यायचं पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एक वाचक घालवल्यावर कळलं.

तर लिहा. नुसतं "भन्नाट आहे, वाचाच" नको. कुठलं पुस्तक, पहिल्या शंभर पानांत काय झालं, कुठे अडलात, कुठे गुंतलात, आणि ते कोणाला द्याल. अर्धवट सोडलेली पुस्तकंही चालतील, खरं तर तीच जास्त चालतील. फक्त शेवट फोडू नका.

*

'ड्यून'ची बाजू घ्यायला कोणीतरी हवं ना, म्हणून मी. सत्ताविसाव्या पानावर सोडणाऱ्याला एकच सांगेन, थुंकण्याच्या प्रसंगापर्यंत टिक. वाळवंटातल्या टोळीचा नायक ड्यूकला भेटायला येतो आणि सरळ त्याच्या टेबलावर थुंकतो. सरदारांचे हात शस्त्रांकडे जातात. तेवढ्यात त्या लोकांत राहून आलेला एक जण पुढे होतो आणि अंगातलं पाणी भेट दिल्याबद्दल त्याचे आभार मानतो. संपलं! त्या ग्रहावर पाण्याची किंमत काय, हे त्यानंतर मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. घाम आणि श्वासातली वाफसुद्धा गाळून परत प्यायला देणारे ते पोशाख, मेलेल्याच्या शरीरातलं पाणी टोळीच्या मालकीचं, हे सगळं मग आपोआप पटत जातं.

वीसहून जास्त प्रकाशकांनी नाकारल्यावर हे पुस्तक शेवटी कोणी छापलं, तर गाड्यांच्या दुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनाने. तेव्हा तुमच्या भावाच्या मताचे लोक तेव्हाही होते.

*

माझी सुरुवात मराठीतून, जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'पासून. कथासंग्रह आहे, कादंबरी नाही, पण माझ्यासारख्यांच्या पिढीला दार त्यानेच उघडून दिलं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. ना. वि. ज. उलटं वाचा! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली होती. बक्षीस मिळालं, आणि मग बिंग फुटलं.

कादंबऱ्यांपैकी 'वामन परत न आला' मी दोनदा वाचली. जमिनीत खोल पुरलेलं जुन्या प्रगत संस्कृतीचं ज्ञान, त्यावरून घडवलेला यंत्रमानव, आणि आपल्याच हुशारीने आपला घात होईल का ही धास्ती. पहिल्यांदा वाचली ती श्वास रोखून. दुसऱ्यांदा लक्षात आलं की माणसं जरा पुठ्ठ्याची आहेत, एकमेकांना समजावून सांगण्यासाठीच बोलतात. पण यंत्रमानवाला स्वतःसारखे आणखी हवेसे वाटू लागतात, तिथे आजही काटा येतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना जरूर द्या. साहित्यिक शैलीची चव लागलेल्या मोठ्यांना देताना अपेक्षा आधीच थोडी उतरवून ठेवा.

*

उर्सुला ले ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९). दोनदा सोडली, तिसऱ्यांदा पूर्ण केली. पहिल्या शंभर पानांत राजदरबार, मानापमान आणि प्रचंड थंडी, याखेरीज काही घडत नाही असं वाटतं. ग्रहाचं नाव गेथेन. तिथली माणसं एरवी ना स्त्री ना पुरुष. महिन्यातले काही दिवस यातलं एक काहीतरी होतात, आणि पुढल्या वेळी काय होतील ते त्यांनाही ठाऊक नसतं. तिथल्या राजाला दिवस जातात. हे वाक्य वाचलं आणि मी पुस्तक मिटून दोन मिनिटं नुसता बसलो होतो.

पण खरी गंमत नंतर झाली. बायकोला गोष्ट सांगायला बसलो आणि पहिल्याच क्रियापदाला अडलो. एस्त्रावेन, म्हणजे गेथेनवरचं एक मुख्य पात्र, दारात... आला? आली? "आलं" म्हणावं तर लहान मूल नाहीतर मांजर डोळ्यांसमोर येतं. आदरार्थी "आले" करून पाहिलं, तर बायको म्हणाली, म्हणजे पुरुषच की, बाई असती तर "आल्या" म्हणाला असतास. इंग्रजीत एका सर्वनामाचा प्रश्न आहे. लेखिकेने सगळ्यांना पुल्लिंगी सर्वनाम वापरलं, त्यावर टीका झाली आणि पुढे तिने स्वतःही त्याबद्दल पुनर्विचार केला. मराठीत मात्र उठणं, बसणं, जेवणं, रडणं, प्रत्येक ठिकाणी आधी लिंग ठरवावं लागतं. शेवटी मी वर्तमानकाळात घुसलो, "एस्त्रावेन येतंय-येतोय" असलं काहीतरी पुटपुटलो आणि हरलो. पृथ्वीवरून गेथेनला गेलेल्या दूताची नेमकी हीच अडचण आहे हे मला गोष्ट सांगताना कळलं, वाचताना नाही. समोरच्याला बाई किंवा पुरुष ठरवल्याशिवाय त्याच्याशी विश्वासाने बोलताच येत नाही त्याला.

शेवटाकडे तो दूत आणि एस्त्रावेन हिमनदीवरून स्लेज ओढत आठवडेच्या आठवडे चालतात. तंबूत रोजचा शिधा मोजायचा, ओलं सामान वाळवायचं, कमीत कमी बोलायचं. मैत्रीवर याहून चांगलं काही मी विज्ञानकथेत वाचलेलं नाही. कोणाला द्यावी? घाई नसलेल्याला.

*

टेरी प्रॅचेट. त्यांच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी फँटसी मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत म्हणून घाबरू नका आणि पहिलीपासून तर मुळीच सुरू करू नका. 'मॉर्ट' घ्या. मृत्यू स्वतः उमेदवार शिकाऊ नेमतो. मृत्यूचे संवाद सगळे कॅपिटल अक्षरांत आहेत आणि ते खर्जातच ऐकू येतात. देवनागरीत कॅपिटलच नाहीत, तर अनुवाद करणारा बिचारा काय करेल, यावर मी उगाच बराच विचार केलेला आहे. ठळक टाइप? छे, ते धमकीपत्रासारखं दिसेल.

*

मी जाड पुस्तकांचा पीडित. 'व्हील ऑफ टाइम'चा पहिला खंड १९९० सालचा, एकूण चौदा. लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ साली गेले, त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने शेवटचे तीन खंड लिहिले आणि २०१३ साली एकदाचं चाक थांबलं. पहिले चार-पाच खंड मी झपाटल्यासारखे वाचले. मग मधल्या खंडांत कथा अशी रुतली की पात्रं पोशाख बदलतात, वेणी ओढतात, एकमेकांवर रागावतात आणि सहाशे पानं संपतात. तरी सोडवेना. इतका वेळ घातलाय तर आता शेवट बघूनच जाऊ, हा हिशेब तोट्यातला आहे हे कळत असूनही.

सँडरसनकडे मी वळलो तो त्या शेवटच्या तीन खंडांमुळेच. त्याचं 'मिस्टबॉर्न' (२००६) नवख्यांना बेधडक द्या. धातूची पूड गिळायची आणि पोटात ती 'जाळून' शक्ती मिळवायची. लोखंडाने धातू ओढता येतो, पोलादाने ढकलता येतो. नियम पक्के, त्यामुळे मारामारीतही डोकं लागतं.

'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनबद्दल मी बोलणार नाही. पाचवा खंड २०११ सालचा. सहाव्याची वाट बघताना माझ्या कानांवरचे केस पांढरे झाले, एवढंच नोंदवतो.

*

अँडी वीअरचं 'द मार्शियन' मी वडिलांना दिलं. वडील निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, कादंबरी म्हणजे वेळेचा अपव्यय या मताचे. पहिल्याच प्रकरणात अडले. "मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याच्या आसपास. तिथलं वादळ यान कलंडवेल कसं?" बाबांचा मुद्दा बरोबरच होता. ही सूट आपण जाणूनबुजून घेतली, असं लेखकानेही मान्य केलेलं आहे. मी म्हटलं, एवढं एक माफ करा, नाहीतर गोष्ट सुरूच होणार नाही.

मग मंगळावर एकटाच अडकलेला नायक इंधनातल्या हायड्रॅझिनपासून पाणी बनवतो ते प्रकरण आलं. पुस्तक परत मिळालं तेव्हा समासात पेन्सिलीने समीकरण मांडून तोललेलं होतं आणि खाली शेरा, "बरोबर. पण हा मूर्ख मरेल." दोन पानांनंतर स्फोट होतो तिथे फक्त एक टिकमार्क.

*

(धागा काढणारी) वरचं वाचून धीर आला आणि भावाला याच लेखकाचं 'प्रोजेक्ट हेल मेरी' पाठवलं. नायक जागा होतो, स्वतःचं नावही आठवत नाही. वस्तू खाली टाकून त्यांच्या पडण्याचा वेळ मोजतो, तर गुरुत्वाकर्षण यायला हवं त्याच्या दीडपट. म्हणजे ही पृथ्वी नव्हे. भावाचा रात्री दीड वाजता मेसेज आला, "स्टॉपवॉचवाला भाग दोनदा वाचला." पुढे कुठवर गेलाय ते विचारलेलं नाही. टोकलं की थांबेल.

*

सगळ्यांच्या गमतीजमतीत माझं थोडं जड होईल. ऑक्टेव्हिया बटलर, 'किंड्रेड', १९७९. साय-फाय म्हणावं का, माहीत नाही. यंत्र नाही, स्पष्टीकरण नाही. १९७६ सालातली कृष्णवर्णीय तरुणी मध्येच चक्कर येऊन एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडमध्ये, गुलामीच्या काळात जाऊन पडते. ज्या गोऱ्या मुलाला तिने वाचवायचं, तो तिचाच पूर्वज. तो जगला नाही तर ती जन्मालाच येणार नाही.

मला धरून ठेवलं ते एका पिशवीने. पुन्हा कधी ओढली जाईल याचा नेम नाही, म्हणून ती घरातल्या घरात एक पिशवी स्वतःला बांधून फिरते. आत सुरी, ॲस्पिरिन, कपडे. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जाताना पिशवी बांधलेली. कालप्रवासाच्या कितीतरी गोष्टी वाचल्या, पण प्रवाशाची धास्ती इतकी साधी कोणीच दाखवली नव्हती. पहिल्या शंभर पानांत अडायची सोयच नाही, मी एका रात्रीत संपवली. फटक्यांची वर्णनं आहेत, हळव्या माणसाला सांगून मग द्या.

*

लिऊ त्सिशिन, 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'. धाग्याच्या प्रश्नाला हे पुस्तक चपखल बसतं, कारण याची पहिली शंभर पानं भाषेनुसार बदलतात! चिनी पुस्तकात सांस्कृतिक क्रांतीचा भाग मध्ये कुठेतरी येतो. इंग्रजी अनुवाद (२०१४) करताना केन लिऊंनी लेखकाच्या संमतीने तो अगदी सुरुवातीला आणला. जमावासमोर एका भौतिकशास्त्रज्ञाला मारलं जातं आणि त्याची मुलगी ते बघते. पुढे ती जे करते ते याशिवाय पटलंच नसतं, असं माझं मत. २०१५ साली या अनुवादाला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

तक्रारही आहे. नायक म्हणजे प्रश्न विचारणारं टेबल. व्हिडिओ गेमची प्रकरणं मी उड्या मारत वाचली. पण संपल्यावर बरेच दिवस रात्री गच्चीत गेलो की वर बघायला नको वाटायचं.

*

लहान मुलांसाठी कोणी लिहिलं नाही म्हणून. ले ग्विनचंच 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) सध्या लेकीला रोज रात्री थोडं थोडं मराठीत सांगत वाचतेय. छोटं पुस्तक, दहा प्रकरणं. गेड नावाचा मुलगा जादूच्या शाळेत घमेंडीपायी नको तो मंत्र म्हणतो आणि एक काळी सावली बाहेर येऊन त्याचा चेहरा फाडते.

चौथ्या प्रकरणातला तो प्रसंग वाचला त्या रात्री लेकीने अट घातली, पुस्तक खोलीत झोपणार नाही. बाहेर ठेवायचं, आणि वर काहीतरी जड. मी शब्दकोश ठेवला. सावली गेडच्या मागे लागलेली असताना, सहाव्या-सातव्या प्रकरणापर्यंत, रोज हाच क्रम. सातव्याच्या शेवटी गेडचा जुना गुरू त्याला सांगतो की आता पळू नकोस, उलटा फिर. ती काही बोलली नाही. काल शब्दकोश आणायला उठले, तर म्हणाली, राहू दे, आज इथेच असू दे. आठवं प्रकरण आज सुरू करू.