स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार घरीच सुधारायचीय, आधी काय बदलू?

सातारी_स्ट्रॅट:
नमस्कार मंडळी. माझ्याकडं स्ट्रॅट टाइपची (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी) स्वस्तातली गिटार आहे, सेकंडहँड घेतलेली, ब्रँड मुद्दाम सांगत नाही नाहीतर मूळ प्रश्न राहील बाजूला आणि ब्रँडवरनंच जुंपेल. तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं पकडणारे, एकाच वेटोळ्याचे), फाइव्ह-वे स्विच, मागं स्प्रिंगवाला ट्रेमोलो ब्रिज (दांडीनं सूर हलवायचा तो). बॉडी, नेक दिसायला मस्त, कुठं तडा नाही. पण कटकटी अशा, की बेंड मारला (तार बोटानं आडवी ताणली) की तिसरी तार उतरते ती उतरतेच, जाड तारा पहिल्या चार-पाच फ्रेटवर झर्र झर्र वाजतात, एफ कॉर्ड धरताना बोटांचा जीव जातो आणि एवढं करून तो चढाच लागतो (मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर असतात तरी), आणि अॅम्पमधनं सतत घूंऽऽ.

बजेट फार तर आठ हजार. यूट्यूबवर जो तो पिकअप बदला म्हणतोय, काहीजण लॉकिंग ट्यूनर (तार घट्ट पकडणाऱ्या खुंट्या) म्हणतायत. कॉलेजच्या प्रोजेक्टमुळं सोल्डरिंग येतं, २५ वॅटचं आयर्न आणि मल्टिमीटर घरी आहे. साताऱ्यात गिटारचं काम करणारं कुणी चांगलं माहीत नाही म्हणून घरीच करायचंय. आधी पिकअप घेऊ का ट्यूनर?

लॅमिंग्टन_रोडी:
पिकअप भावा, डोळे झाकून पिकअप. स्वस्त गिटारमधे बहुतेक सिरॅमिक असतात, म्हणजे आत स्टीलचे खिळे आणि खाली मॅग्नेटची एक पट्टी चिकटवलेली. अल्निको ५ (मॅग्नेटचा एक मिश्रधातू) वाले टाक, त्यात ते सहा दांडेच मॅग्नेट असतात, आवाज मोकळा होतो, वरचा कर्कशपणा जातो. सोल्डरिंग येतंय तर एका संध्याकाळचं काम आहे. पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) पण बदल, २५०के म्हणजे २५० किलोओहमचा घे, सिंगल कॉइलला तेच.

जुनी_फ्रेट:
थांब रे बाबा, लगेच कार्ट भरू नकोस. तू सांगितलेल्या चारपैकी तीन गोष्टींचा पिकअपशी काडीचा संबंध नाही आणि चौथ्या गोष्टीला, म्हणजे घूंऽऽला, नवे सिंगल कॉइल आणून फार फरक पडणार नाही, तेही सिंगल कॉइलच. पुण्यात मित्रमंडळींच्या गिटारी मी हौसेनं सेटअप करून देतो, दहातल्या आठ जणांना वाटत असतं की पिकअप खराब आहे, आणि निघतं काय तर नट (हेडस्टॉकजवळची, तारा ज्या खाचांतनं जातात ती पट्टी) उंच.

आधी नव्या तारा चढव, ९-४२ चा सेट (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच, सगळ्यात जाड ०.०४२) घे, सहा-सातशेचा खर्च. जुन्या गंजक्या तारांवर कुठलंच माप खरं येत नाही. मग टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातनं फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) आण, टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात ते, शे-दीडशेत मिळतं. गिटारवाल्यांच्या नावानं तीच वस्तू ऑनलाइन तिप्पट किमतीला विकतात.

आता नेक. पहिल्या फ्रेटवर सहावी तार दाब (कॅपो असेल तर कॅपो लाव), दुसऱ्या हातानं तीच तार शेवटच्या फ्रेटवर दाब आणि आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटच्या मधली फट बघ. साधारण ०.२५ एमएमचं पातं अडकून न अडकून गेलं पाहिजे. तुझी झर्र झर्र खालच्या फ्रेटवर आहे म्हणजे बहुतेक फट नाहीच, नेक सरळसोट किंवा उलटा वाकलाय. ट्रस रॉड (नेकच्या आतला, वाक कमीजास्त करायचा दांडा) सैल कर, एका वेळी पाव फेरा, त्याच्या वर नाही, परत ट्यून कर, परत मोज. चावी इम्पोर्ट गिटारना बहुतेक ४ किंवा ५ एमएमची लागते, पण नीट बसतेय का बघ, सैल चावीनं फिरवलंस तर रॉडच्या टोकाच्या नटाचे कोपरे गोल होतात आणि मग खरा खर्च. फिरतच नसेल तर जोर लावू नको, सोडून दे आणि इथं लिही.

त्यानंतर ब्रिजवरची सॅडल, म्हणजे एकेक तार जिच्यावर टेकते ती. शेवटच्या फ्रेटवर मोजू नको, सतराव्या फ्रेटवर तारेच्या खालची उंची १.६ एमएमच्या आसपास ठेव, फेंडरवाले स्वतः त्यांच्या ९.५ ते १२ इंच रेडियसच्या (फिंगरबोर्डच्या गोलाईचं माप) गिटारींना हेच माप देतात. सगळ्यांना तेवढं खाली जमत नाही, जोरात पिक मारत असशील तर थोडं वर ठेव.

आता येतो एफ कॉर्ड, आणि हा माझ्या आवडीचा विषय. नटाच्या खाचा उथळ कापलेल्या असतात, फॅक्टरीत कमी कापणं त्यांना सेफ, जास्त कापलं तर गिटार बाद. मग पहिल्या फ्रेटवर तार दाबताना तिला जास्त ताणून खाली न्यावं लागतं आणि सूर चढतो, म्हणून मोकळ्या तारा बरोबर आणि एफ चढा. तपासायचं असं: तार तिसऱ्या फ्रेटवर दाब आणि पहिल्या फ्रेटवर बघ. केसाएवढी फट दिसली, वरनं टिचकी मारल्यावर बारीक टिक असा आवाज आला तर खाच बरोबर. ठळक फट दिसली तर उंच आहे. नटाच्या खास कानशी महाग आहेत, एका गिटारसाठी घेऊ नको. गॅस वेल्डिंगच्या नोझलच्या पिना मिळतात वेगवेगळ्या जाडीच्या, त्या चालतात, किंवा जुन्या तारेला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून घास. खाच हेडस्टॉकच्या बाजूला किंचित उतरती ठेवायची. दोन-तीन घासे, तार बसव, बघ, परत. फार खोल गेलीच तर खाचेत खाण्याचा सोडा भर आणि वर सुपरग्लूचा थेंब, दगडासारखं घट्ट होतं, मग परत काप. जुगाड वाटेल पण भलेभले रिपेअरवाले करतात.

तिसरी तार उतरते तीही नटामुळंच. ट्यून करताना टुक् असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो का? मग तार खाचेत अडकतेय. खाचेत शिसपेन्सिल घास, ग्रॅफाइट तिथं तेलाचं काम करतं. लॉकिंग ट्यूनरचे पैसे ठेव खिशात, त्यानं तार बदलणं सोपं होतं, अडकलेली तार सुटत नाही. आणि ट्रेमोलो वापरत नसशील तर मागचं कव्हर काढून स्प्रिंगच्या पंजाचे दोन स्क्रू आवळ, ब्रिज बॉडीला टेकवून टाक. बेंड मारताना ब्रिज पुढं झुकायचा थांबतो, बाकीच्या तारा पण जागेवर राहतात.

सगळ्यात शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या मानानं चढा असेल तर सॅडल मागं, उतरलेला असेल तर पुढं. हे आधी करून उपयोग नाही, उंची बदलली की परत बिघडतं.

वऱ्हाडी_व्हॅमी:
जुनी_फ्रेट दादांनी सगळं सांगितलं फक्त हवामान सोडून. मी नागपूरची. आमच्याकडं होळी झाली अन् हवा कोरडी पडली की फिंगरबोर्डचं लाकूड आकसते अन् फ्रेटचं धातू काही आकसत नाही, मग नेकच्या कडेनं फ्रेटची टोकं बाहेर येतात, हात वरखाली केला की खरचटते. लोकं म्हणतात गिटारच खराब निघाली. कूलर लागला की खोलीत ओल येते अन् अर्धा त्रास आपोआप जाते बाप्पा! तरी टोचतच असेल तर फिंगरबोर्डला मास्किंग टेप लावून बारीक कानस कडेनं आडवी फिरवायची, नेकच्या पॉलिशला न लावता. पण घाई करू नको भाऊ, एक पावसाळा जाऊ दे, मग ठरव.

ट्रस रॉडचंही तेच आहे. साताऱ्यात पावसाळ्यात सेट केलेला नेक एप्रिलमधे तसाच राहीन असं समजू नको. वर्षातून दोनदा फट मोजायची, बस.

लॅमिंग्टन_रोडी:
बरं, सेटअप आधी हे मान्य. पण सेटअप झाल्यावर पिकअप बदलल्यावर जो फरक पडतो तो पडतोच, त्यावर मी ठाम आहे.

जुनी_फ्रेट:
पडतो की. पण फुकटातला फरक आधी घे ना. शेवटचा फ्रेट दाबून पिकअप आणि तारेतलं अंतर मोज, जाड तारेखाली २ एमएम, बारीक तारेखाली १.६. पुष्कळ गिटारींत पिकअप तारांना जवळजवळ चिकटवलेले असतात, मग मॅग्नेट जाड तारांना ओढतो आणि सूर डगमगतो. स्क्रू ड्रायव्हरनं खाली घे, आवाज उघडतो. त्यानंतरही कर्कश वाटला तर कर खर्च.

सातारी_स्ट्रॅट:
बाप रे, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं. दादा, फिलर गेज पोवई नाक्याजवळ मिळालं, दुकानदारानं विचारलं कुठली गाडी आहे 😄 फट खरंच शून्य होती. ट्रस रॉड सैल केला पाव पाव करून, झर्र झर्र जवळपास गेली. नट अजून हातात घेतला नाही, पेन्सिल लावली आहे आणि टुक् आवाज बंद झाला.

आता घूंऽऽचं सांगा. तारांना हात लावला की कमी होतो, सोडला की वाढतो. स्विच दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला असला की एकदम कमी.

लॅमिंग्टन_रोडी:
हा माझा प्रांत! हात लावल्यावर कमी होतो म्हणजे ब्रिजची ग्राउंड वायर शाबूत आहे, चांगली खूण. काहीच फरक पडला नसता तर ती वायर तुटलेली, आणि उलटा वाढला असता तर जॅकच्या दोन वायरी बहुतेक उलट्या लागलेल्या. दुसऱ्या-चौथ्याला कमी होतो म्हणजे मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आहे, दोघांचा हम (तुझं ते घूंऽऽ) एकमेकांना मारतो. बिघाड नाहीये काही.

सगळ्यात आधी भिंतीतलं अर्थिंग बघ. जुन्या घरांत थ्री-पिन सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकात वायरच नसते. वायरमनला बोलवून तपासून घे, आणि अॅम्प लावल्यावर तारांना हात लागून झिणझिण्या येत असतील तर त्या सॉकेटवर वाजवूच नको, हे गमतीवारी घेऊ नको. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बघ, चोकवाली ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद करून बघ.

त्यानंतर शिल्डिंग, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंगाट अडवायला आतून धातूचं अस्तर. पिकगार्ड उघडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढ, भरपूर काढ. आत बॉडीच्या खळग्याला तांब्याची चिकटपट्टी लाव, पिकगार्डच्या मागच्या बाजूला पण, पट्ट्या एकमेकींवर चढव आणि मल्टिमीटरच्या बीपनं बघ सगळ्या जोडल्या गेल्यात का, नसतील तर सांध्यावर सोल्डरचा टिपका दे, आणि एक वायर ग्राउंडला. जॅकचा गरम (सिग्नलवाला) पाय तांब्याला टेकला तर गिटार मुकी होईल, तिथं इन्सुलेशन टेप. एक खरं सांगतो, यानं खरखर, चरचर पुष्कळ जाते पण सिंगल कॉइलचा ५० हर्ट्झचा हम पूर्ण जात नाही, तो कॉइलमधेच शिरतो, तांबं त्याला अडवत नाही. अॅम्पपासून लांब बस आणि जरा तिरका बस, दिशा बदलली की कमी होतो.

उघडलीच आहेस तर अजून एक फुकटचं काम. जुन्या स्ट्रॅट वायरिंगमधे दोन टोन नॉबपैकी एक गळ्याकडच्या पिकअपला, दुसरा मधल्याला, ब्रिजच्या पिकअपला काहीच नाही, म्हणून तो कानात टोचतो. स्विचवर मधल्याच्या टोनचा जो पाय आहे तिथनं ब्रिजच्या टोनच्या पायाला बोटभर वायर जोड, झाला ब्रिजला टोन. फक्त स्विच कुठला आहे बघ. इम्पोर्ट डबीवाल्या स्विचला आठ पाय एका ओळीत असतात आणि नेटवरच्या बहुतेक आकृत्या उघड्या अमेरिकन स्विचच्या असतात, पाय मोजून तशीच जोडलीस तर काहीतरी भलतंच वाजेल. मल्टिमीटर लावून एकेका पोझिशनला कोण कुणाला जोडलंय ते कागदावर लिही आणि मगच आयर्न तापव.

कट्टा_बेस:
मधे बोलतो. समज, चौदा हजाराच्या गिटारमधे आठ हजार टाकले तर ती विकताना बावीसची होत नाही, कुणी दहा पण देणार नाही. जे काढशील ते सगळं डबीत जपून ठेव, विकायची वेळ आली की मूळ पार्ट परत लाव आणि चांगले पार्ट पुढच्या गिटारला. आणि अॅम्प कुठला आहे हे कुणी विचारलंच नाही! दहा वॅटचा छोटा प्रॅक्टिस अॅम्प असेल तर आठ हजारातले निम्मे तिकडं लाव, पिकअपपेक्षा स्पीकरनं आवाज जास्त बदलतो.

सातारी_स्ट्रॅट:
अॅम्प नाहीच्चे दादा, मित्राचा आणलेला असतो. घरी हेडफोनवर इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडायची डबी) लावून लॅपटॉपवरच वाजवतो.

कट्टा_बेस:
मग तर पिकअपला हातच लावू नको आत्ता. लॅपटॉपमधे कॅबिनेटची फाइल (स्पीकरच्या आवाजाची नक्कल करणारी) बदलून बघ, तेवढ्यानं गिटार दुसरी वाटेल, फुकट आहेत ढिगानं.

सातारी_स्ट्रॅट:
ओके, पिकअप पुढच्या दिवाळीला. शिल्डिंग केलं, ब्रिजला टोन पण जोडला, चालतोय. नट शेवटी केला, वेल्डिंगच्या पिनांनी, फक्त चार बारीक तारांच्या खाचा, एफ आता एका बोटानं निघतो राव. एकच अडचण, व्हॉल्यूमचा पॉट खरखरतो म्हणून २५०केचा मोठा पॉट मागवला तर तो पिकगार्डच्या भोकात जात नाही आणि जुना नॉब पण त्याच्यावर बसत नाही. चुकीचा आला का?

जुनी_फ्रेट:
चुकीचा नाही, मापाचा फरक. स्वस्त गिटारीत छोटे मेट्रिक पॉट असतात, भोक लहान. मोठ्या अमेरिकन पॉटला पाऊण सेंटिमीटरपेक्षा जास्त, साडेनऊ एमएमचं भोक लागतं, ते गोल कानशीनं हळू वाढव, ड्रिल मारलंस तर प्लास्टिक फाटेल. आणि दांड्यावरचे दाते वेगळे, जुन्याला १८, नव्याला २४, म्हणून नॉब बसत नाही, नवे नॉब घ्यावे लागतील. पण त्याआधी जुन्या पॉटच्या पायांजवळच्या फटीत काँटॅक्ट क्लीनर मार आणि वीसेक वेळा फिरव. मोबाइल रिपेअरवाल्याकडं असतो, त्याला म्हणालास तर एक फवारा देईल.

सातारी_स्ट्रॅट:
दिला त्यानं, चहा पण पाजला. खरखर गेली. मोठा पॉट परत पाठवतोय.