शब्दचर्चा : शॉव्हिनिझमला मराठीत काय म्हणायचं? (सायकल रेसचे फॅन्स आणि देशाभिमान)

धागाकर्ता
जुलै लागला की आमच्या सायकलवाल्या ग्रुपवर दोनच विषय, पावसात पन्हाळ्याचा घाट मारायचा का आणि टूर द फ्रान्स कोण मारणार. परवा एकानं टाकलं की फ्रेंच पब्लिक लय शॉव्हिनिस्ट असतंय, तर दुसऱ्यानं लगेच विचारलं, म्हणजे बायकांना कमी लेखणारं का? त्याचंही बरोबर आहे, आपल्याकडं हा शब्द आला तोच 'मेल शॉव्हिनिस्ट' अशा जोडीनं. मूळ अर्थ मात्र देशाबद्दलचा. निकोला शोव्हँ नावाचा नेपोलियनचा सैनिक म्हणे, साहेब हरले तरी ह्याची भक्ती काय सुटेना, मग नाटकवाल्यांनी त्याची टर उडवली आणि त्यातनं शब्द पडला (हा शोव्हँ खरंच होता का, की नुसती दंतकथा, ह्यावर इतिहासकारांनाच शंका आहे). डिक्शनरीत याला अंधराष्ट्रवाद, राष्ट्राहंकार, दुरभिमान असं बरंच काय काय दिलंय. मला विचारायचंय ते एवढंच की घाटात रस्त्याकडेला झेंडा घेऊन बोंबलणाऱ्या माणसाला यातला कुठला शब्द बसतो?

मराठीच्या बाई
'अभिमान' तसा साधासरळ शब्द, त्याच्या आधी काय जोडलंय त्यावर त्याचा रंग ठरतो. स्वाभिमान, देशाभिमान म्हटलं की मान ताठ होते. जात्यभिमान म्हटलं की कपाळाला आठी पडते. दुरभिमान, वृथाभिमान हे तर उघड दोषच. 'गर्व' मराठीत कधीच चांगला नव्हता, गर्वाचं घर खाली हे पोरंटोरं पण म्हणतात, पण हिंदीच्या नादानं आता बॅनरवर 'आम्हाला गर्व आहे' सर्रास लिहितात आणि कोणाला खटकतही नाही. 'कट्टर'चं तेच झालं, पूर्वी तो दोष होता, आता गाडीच्या काचेवर लावायची पदवी आहे!! अंधराष्ट्रवाद मात्र फॅनला देऊ नका बाबांनो, फार जड होतो. त्याला सरकार लागतं, सैन्य लागतं, पेपरवाले लागतात. दोन बिअर पिऊन ओरडणाऱ्याला दुरभिमानी म्हणा, पुष्कळ झालं.

पेठेतला एक
बाई बरोबर बोलल्या पण मला दुरभिमान पण जास्तच वाटतो. आमच्याकडं दोन पेठांची फुटबॉल मॅच बघा की, भाषा एक, अंबाबाई एक, तांबडा-पांढरा पण एकच, तरी मॅच सुटल्यावर दगड येतोयच. तिथं राष्ट्र कुठनं आलं? माणसाला टोळी लागती, देश हे टोळीचं मोठं नाव. आणि 'जगात भारी कोल्हापुरी' हा काय दुरभिमान न्हाई हं, ते आम्ही हसत हसत म्हणतो, खरं असलं म्हणून काय झालं 😄

धागाकर्ता
@पेठेतला, टोळीचं पटलं, पण सायकलिंगमध्ये एक गंमत आहे बघ. इथं टीमा देशाच्या नसतातच, धंदेवाल्या कंपन्यांच्या असतात. टूरमध्ये १९३० ते १९६१ देशांच्या टीमा होत्या, नंतर परत १९६७ आणि ६८ ला, बाकी सगळा काळ स्पॉन्सरचा. पोगाचार स्लोव्हेनियाचा, पळतो अमिरातीच्या नावाच्या टीमकडनं. म्हणजे जर्सीवर देश नसतो (नॅशनल चॅम्पियन सोडला तर), तो फॅननं घरनं झेंड्यात गुंडाळून आणलेला असतो. आणि दुसरं म्हणजे घाटात तिकीट नाही, बऱ्याच ठिकाणी कुंपण पण नाही, रायडर हाताच्या अंतरावरनं जातो, त्यामुळं मनात असलेलं हातात यायला वेळ लागत नाही.

१९५० ला आस्पँच्या घाटात इटलीचा बार्ताली आणि फ्रान्सचा रोबिक धडकून पडले, तर पब्लिक बार्तालीवरच धावून गेलं. गड्यानं तरी स्टेज (त्या दिवसाची रेस) मारली. पण इटलीच्या दोन्ही टीमा रेस सोडून घरी गेल्या, यलो जर्सी (एकूण रेसमध्ये सगळ्यात पुढं असलेल्याची) त्यांच्याच मान्यीच्या अंगावर असताना! शेवटी टूर स्वित्झर्लंडच्या क्युबलरनं नेली. मग १९७५. मेर्क्स बेल्जियमचा, पाच टूर खिशात, सहावी मारली असती तर फ्रान्सच्या आंकतीलचा पाचाचा रेकॉर्ड मोडला असता, आणि पुई द दोमच्या चढावर गर्दीतनं एकानं त्याला ठोसाच घातला. मेर्क्स वर पोचला, परत खाली उतरला आणि त्या माणसाला ओळखून पोलिसांना दाखवला. कोर्टात भरपाई किती, तर १ फ्रँक, नावापुरता. टूर त्या वर्षी फ्रान्सच्या तेव्हनेनं मारली, पण ठोशामुळं मारली असं म्हणणं तेव्हनेवर अन्याय होईल, तो चढाला खरंच भारी होता.

माझं म्हणणं, ठोसा मारणाऱ्याला शॉव्हिनिस्ट पण म्हणू नका आणि दुरभिमानी पण. त्याला असला मोठा शब्द दिला की त्याच्या मागं काहीतरी विचार होता असं वाटतं. ती हुल्लडबाजी, विषय संपला. दुरभिमान हा शब्द त्याच्या शेजारी उभा राहून टाळ्या वाजवणाऱ्यासाठी राखून ठेवा.

पुण्यातून
१९८७ चा जिरो (इटलीची टूरसारखीच मोठी रेस) विसरलात. कारेरा ही इटलीची टीम, त्यात आयर्लंडचा रोश आणि इटलीचा विसेन्तीनी, पिंक जर्सी (टूरची यलो तशी जिरोची पिंक) विसेन्तीनीकडं. रोशनं आपल्याच कॅप्टनवर अटॅक टाकला आणि जर्सी घेतली, मग मार्मोलादाच्या चढावर इटालियन पब्लिक त्याच्यावर थुंकत होतं. आता हा दुरभिमान म्हणायचा की गद्दारीचा राग? टीम इटलीची, पैसे इटलीचे, जिंकणारा परका. मला वाटतं तिथं राग निम्मा खरा होता, थुंकणं मात्र माफ नाही.

चांगलं उदाहरण पण घ्या राव. २०२० ला शेवटून दुसऱ्या दिवशी टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध पळायचं) रोगलिचची यलो जर्सी पोगाचारनं काढून घेतली, दोघंही स्लोव्हेनियाचे, तिथल्या फॅननं रडायचं का नाचायचं? दोन्ही केलं असणार. आणि २०२४ ला एरिट्रियाच्या गिर्मायनं तीन स्टेज मारून ग्रीन जर्सी (पॉइंटांत पहिला येणाऱ्याची) नेली, तेव्हा रस्त्याकडेला एरिट्रियाचे झेंडे नाचत होते ते बघून माझ्याच अंगावर काटा आला. त्यात कोणाला कमी लेखणं नव्हतं, नुसतं आमचा पोरगा आला आमचा पोरगा आला एवढंच. त्याला देशाभिमान हाच शब्द, दुसरा शोधायला नको.

मराठीच्या बाई
'अभिनिवेश' कोणी घेतला नाही. पक्षाभिनिवेश म्हणतो ना, तोच. आपलीच बाजू खरी असं आधीच ठरवून बोलणं. अमक्या रायडरवर डोपिंगचा संशय आणि आपल्यावर आला की कारस्थान, हा अभिनिवेश. यात दगडही नाही, थुंकीही नाही, घरबसल्या फोनवर होतो. माझ्या मते सगळ्यात जास्त हाच आढळतो.

पेठेतला एक
हा घेतला बाई. आमच्या ग्रुपवर निम्म्या जणांना लागू हाय. पण एक सांगा, बेल्जियमच्या रेसला ते पिवळ्यावर काळा सिंह असलेले झेंडे असतात, ते तर देशाचे न्हाईत, फ्लँडर्सचे (बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागाचे) हायत. त्याला देशाभिमान म्हणायचं का प्रांताभिमान?

पुण्यातून
सिंहाची जीभ आणि नख्या बघ. लाल असल्या तर तो फ्लँडर्सचा सरकारी झेंडा, प्रांताभिमान म्हण. सगळा सिंह काळाच असला तर तो वेगळं राष्ट्र मागणाऱ्यांचा, म्हणजे तो धरणारा त्याला देशाभिमानच म्हणणार, शेजारचा फ्रेंच बोलणारा बेल्जियन काय म्हणेल ते वेगळं. कित्येक जण मात्र दुकानात जो मिळाला तो घेऊन येतात, त्यांना नख्यांचं काही पडलेलं नसतं.