फ्लॉप्या-सीड्यांची यादी: एक्सेल पुरे की डेटाबेस हवाच?

नौपाडेकर (धागाकर्ता)

आमची सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. भाड्याच्या घरात माळा नाही, त्यामुळे नव्वदीपासून जमलेल्या सॉफ्टवेअरच्या खोक्यांचा सोक्षमोक्ष लावणं आलं. साडेतीन इंची फ्लॉप्या, चिप-डिजिट-पीसी क्वेस्ट या संगणक मासिकांबरोबर आलेल्या सीड्या, उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारे फुकट घरपोच पाठवायचे त्या सीड्या, सी-डॅकचं आयलीप (मराठी लिहायचं सॉफ्टवेअर), मराठी टंकांची (फाँटांची) एक-दोन पॅकेजं डाँगलसकट (परवान्याची खूण म्हणून संगणकाला जोडायचा तुकडा), विंडोज ९५ पासूनच्या मूळ प्रती. यादी करतोय म्हटल्यावर घरच्यांपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळ्यांचा एकच सल्ला: एक्सेलमध्ये टाक.

मला हे पटत नाही. पुस्तकांना एक्सेल चालेल, कारण एक ओळ म्हणजे एक पुस्तक. इथे मासिकाच्या एका सीडीवर पन्नास-पन्नास प्रोग्राम असतात, आणि विनझिप, ॲक्रोबॅट रीडर ही मंडळी दर महिन्याच्या सीडीवर हजर. आता एक्सेलमध्ये एकतर सीडीचं नाव, महिना, खोका हे सगळं पन्नास ओळींत पुन्हा पुन्हा लिहा, नाहीतर एकाच चौकटीत स्वल्पविराम देऊन पन्नास नावं कोंबा. खोका बदलला की पन्नास ठिकाणी दुरुस्ती. त्यातली एक राहणारच.

डेटाबेसमध्ये तीन टेबलं केली की झालं. एक डिस्कांचं, एक प्रोग्रामांचं, आणि तिसरं नुसत्या जोड्यांचं: कुठल्या डिस्कवर कुठला प्रोग्राम. मग मला खरा पडलेला प्रश्न विचारता येतो: ज्या डिस्कवरची प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुठल्यातरी डिस्कवरही आहे, अशा डिस्का दाखव. त्या भंगारात. हे एक्सेलनं करून दाखवा.

ऐरोली_नाइटशिफ्ट

काका, राग मानू नका, पण तुम्ही टेबलं मांडत बसाल आणि तिकडे फ्लॉप्या मरतील. आपल्याकडच्या पावसात फ्लॉपीच्या आतल्या चकतीवर बुरशी धरते. पत्र्याची सरकपट्टी बाजूला करा, चकती बोटानं हळूच फिरवा, पांढरट ठिपके दिसतील. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातलीत तर ड्राइव्हचं हेडही बरबटतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही जाते.

आधी इमेज काढा, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत एका फाइलीत. साडेतीन इंची १.४४ एमबी फ्लॉपीची इमेज १४,७४,५६० बाइटची होते. हजार फ्लॉप्या धरल्या तरी दीड जीबीच्या आत. सीडीला ७०० एमबी धरा. एका बाहेरच्या हार्डडिस्कवर सगळा संसार बसेल. त्यावर ‘एव्हरीथिंग’ हा फाइली शोधायचा प्रोग्राम टाका, अक्षरं टाइप होता होता फाइल समोर येते. हातानं भरायच्या याद्या चार दिवस उत्साहानं चालतात, मग बंद पडतात. ऑफिसातही हेच बघतो.

नौपाडेकर

इमेज काढायलाच हव्यात, त्यावर वाद नाही. पण एव्हरीथिंग फाइलींची नावं शोधतं, आणि सीडीच्या इमेजच्या (आयएसओ फाइलीच्या) पोटातली नावं त्याला दिसत नाहीत. पोटातून बाहेर काढलीत तरी काय दिसणार? सेटअप डॉट ईएक्सई, सेटअप डॉट ईएक्सई आणि पुन्हा सेटअप डॉट ईएक्सई. डॉसच्या काळातली नावं तर आठ अक्षरांत आवळलेली. आणि सीरियल नंबर सीडीच्या कव्हरवर छापलेला, डाँगल डब्यात, बिल फायलीत. या कशाचीच फाइल नसते.

खारघर_सेक्टर१२

“हे एक्सेलनं करून दाखवा” म्हणालात, म्हणून दाखवते.

एका शीटवर डिस्का, दुसऱ्या शीटवर जोड्या, म्हणजे एका ओळीत डिस्क नंबर आणि प्रोग्रामचं नाव. जोड्यांच्या शीटवर तिसऱ्या रकान्यात काउंटइफ लावा: हा प्रोग्राम एकूण किती ओळींत आला. मग डिस्कांच्या शीटवर मिनइफ्स: या डिस्कवरच्या प्रोग्रामांत सगळ्यात लहान आकडा कुठला. तो दोन किंवा जास्त असेल तर त्या डिस्कवरचं सगळं इतरत्रही आहे. मिनइफ्स एक्सेल २०१९ पासून आहे, गूगल शीट्समध्येही चालतं. खोक्याचं नाव डिस्कांच्या शीटवर एकदाच लिहायचं, बाकी ठिकाणी व्हीलुकअपनं ते आपोआप उचलायचं. पन्नास ठिकाणी दुरुस्तीचा प्रश्नच नाही.

तीन टेबलं एक्सेलमध्येही होतात. लोक सगळं एकाच शीटवर ओततात, हा एक्सेलचा दोष कसा? शिवाय ही यादी तुमच्या मुलीला किंवा जावयाला फोनवर उघडता आली पाहिजे ना?

नौपाडेकर

जमवलंत, मानलं. पण आता त्याच शीटमध्ये उबुंटूचं पहिलं व्हर्जन लिहा. ऑक्टोबर २००४ मध्ये आलेलं ४.१०. एन्टर मारलंत की ४.१ दिसेल. ५.१० चं ५.१ होईल, ६.१० चं ६.१. व्हर्जनमध्ये ४.१ आणि ४.१० या दोन वेगळ्या गोष्टी. कुणी ३-११ असं लिहिलं की त्याची थेट तारीख होते. सॉफ्टवेअरच्या यादीत व्हर्जनच चुकलं तर उरलं काय?

खारघर_सेक्टर१२

रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यायचा. दोन क्लिक.

नौपाडेकर

आणि ती यादी सीएसव्ही (नुसत्या मजकुराची फाइल) करून कुणाला पाठवली आणि त्यानं डबल क्लिक करून उघडली, की पुन्हा ४.१. त्यानं सेव्ह केली की कायमचं. जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीला २०२० मध्ये काही मानवी जनुकांची नावं बदलावी लागली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत होतं. शास्त्रज्ञांना दोन क्लिक आठवत नाहीत, तिथे आमचा जावई काय आठवणार!

वागळे_इस्टेटचा_जुना

डेटाबेस म्हटलं की सगळे एसक्यूएलवाल्या नव्या डेटाबेसांकडे का पळता? आपलं जुनं डेटाबेसचं फॉक्सप्रो मेलं का? वागळे इस्टेटमधल्या कितीतरी कारखान्यांचा स्टॉक, पगार, चलनं यावर चालली. यूज, अपेंड, ब्राउज, एवढ्या आज्ञा आल्या की यादी भरायला लागा. फॉक्सप्रो २.६ डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम) आजही चालतं. त्याची डीबीएफ फाइल लिबरऑफिस कॅल्कमध्ये थेट उघडते. तारीख आठ आकडी साठवते, वर्षाचे चार आकडे धरून, म्हणून २००० साल आलं तेव्हा डेटा जागच्या जागी होता. गोंधळ होता तो स्क्रीनवर दोन आकडी वर्ष मागणाऱ्या प्रोग्रामांचा.

आणि टेबलाची फाइल म्हणजे फक्त टेबल. कॉपी मारली की बॅकअप.

ऐरोली_नाइटशिफ्ट

फॉक्सप्रो मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये विकत घेतलं आणि शेवटच्या व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ चा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये संपला. रकान्याचं नाव दहा अक्षरांत, मजकूर २५४ अक्षरांत, युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या, मराठीच्या नावानं शंख. आयलीपची नोंद मराठीत करायची असेल तर काय करणार?

वागळे_इस्टेटचा_जुना

सपोर्ट संपला म्हणून फाइल उघडायची थांबत नाही. उलट बघा, मायक्रोसॉफ्टच्याच ॲक्सेस डेटाबेसचा सपोर्ट चालूच होता, आणि तरीही ॲक्सेस २०१३ नं ॲक्सेस ९७ च्या एमडीबी फाइली उघडायला नकार दिला. जिवंत प्रोग्रामनं स्वतःच्याच जुन्या फाइलींना दार बंद केलं. मराठीचा मुद्दा मात्र खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी रोमनमध्ये लिहितो आणि वाचतो.

नेरुळ_ग्रंथपाल

सगळे प्रोग्रामवर भांडताय म्हणून जरा कपाटाकडून सांगते. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या मागच्या पाकिटात आलेल्या सीड्या आम्ही नोंदवतो, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे.

पहिलं, दाखल क्रमांक. प्रत्येक डिस्कला एक नंबर, क्रमानं, ज्याला काहीही अर्थ नसतो. नौपाडेकर, तुम्ही नक्की ‘डिजिट-२००३-जून’ छापाचे नंबर देणार, ते देऊ नका. मासिकाचं नाव नसलेली, महिना पुसलेली, ‘मनोजची यूटिलिटी’ एवढंच लिहिलेली सीडी आली की पद्धत कोसळते. नंबर १, २, ३. डिस्क बाद केली तरी तिचा नंबर दुसरीला द्यायचा नाही. दाखल नोंदवहीत ‘बाद’ शेरा मारून ओळ तशीच ठेवायची. नंबर सीडीवर लिहायचा तो मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईच्या मार्करनं. लेबल चिकटवू नका. ओलीत त्याचा डिंक सुटतो आणि निघताना वरचा थर घेऊन निघतो.

दुसरं, तुमचा तो भंगाराचा प्रश्न. तो जसा विचारलाय तसा धोक्याचा आहे. समजा अमुक प्रोग्राम फक्त १४ आणि ८७ नंबरच्या सीडीवर आहे, आणि त्या दोन्हींवरचं बाकी सगळं इतरत्रही आहे. तुमच्या यादीत दोन्ही येतील, कारण दोघींची जोडीदार हजर आहे. दोन्ही टाकल्यात की प्रोग्राम गेला. खारघरताईंच्या मिनइफ्समध्येही हाच खड्डा. एक डिस्क काढायची, जोड्यांतून तिच्या ओळी वगळायच्या, मग पुन्हा विचारायचं. एकेक करत.

तिसरं, ‘तोच प्रोग्राम’ कशावरून? जून आणि जुलैच्या सीडीवर विनझिप आहे, पण व्हर्जन एकच आहे का? नावावर जाऊ नका. फाइलीचा चेकसम घ्या, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली खूण-संख्या. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही आज्ञा आहेच, वेगळं काही उतरवावं लागत नाही. चेकसम जुळला तरच जोडी जुळली. आणि सीडी शेवटपर्यंत वाचली गेली का, याचा एक रकाना ठेवा. न वाचता येणाऱ्या सीडीच्या भरवशावर चांगली टाकून द्याल.

खारघर_सेक्टर१२

१४ आणि ८७ चं खरंच लक्षात आलं नव्हतं. म्हणजे दर डिस्कनंतर शीट पुन्हा बघायची. फिल्टर लावून होईल, पण कंटाळवाणं आहे हे खरं.

घोडबंदर_१४वा_मजला

एवढी उठाठेव कशाला? इंटरनेट आर्काइव्हवर सगळं मिळतं. द्या भंगारवाल्याला.

नौपाडेकर

विनझिप मिळेल. माझ्या परवान्याचा नंबर, माझं डाँगल, आणि त्या टंकात आम्ही बसवलेल्या दिवाळी अंकाच्या फाइली मिळणार नाहीत. तो टंक युनिकोडच्या आधीचा आहे. तो नसेल तर ती पानं इंग्रजी अक्षरांची नुसती रांगोळी दिसतात. ज्या ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय चालू आहे, तिथे राहून ‘द्या भंगारवाल्याला’ म्हणवतं तरी कसं!

पाचपाखाडी_काळाकोट

इमेज काढण्याच्या कायदेशीर बाजूबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(कक): कायदेशीररीत्या प्रत ज्याच्या ताब्यात आहे त्याला नुकसान किंवा नाश यांपासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप प्रत काढता येते. ‘कायदेशीररीत्या’ हा शब्द महत्त्वाचा. तेव्हा बिल किंवा परवाना कुठल्या फायलीत आहे हा रकाना हवाच, आणि ‘मनोजची यूटिलिटी’ या कलमात बसत नाही. इमेज काढून मूळ प्रत दुसऱ्याला दिलीत, तर तुमची इमेजही बसत नाही.

आणि हो, सीरियल नंबरांची यादी सगळ्यांना उघडी असलेल्या गूगल शीटवर टाकू नका.

ऐरोली_नाइटशिफ्ट

बरं, डेटाबेसच करायचा ठरलं असेल तर लिबरऑफिस बेस घेऊ नका. त्यातला नेहमीचा एचएसक्यूएलडीबी प्रकार सगळा डेटा एका झिपच्या आत ठेवतो, चालवायला जावा लागतं, आणि नीट सेव्ह व्हायच्या आत लाइट गेली की रडत बसा. एसक्यूएलाइट हा डेटाबेस घ्या, भरायला-बघायला वर ‘डीबी ब्राउझर’. एकच फाइल. २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासूनच्या फाइली आजही उघडतात, बनवणाऱ्यांचा २०५० पर्यंत ती सांभाळायचा इरादा आहे, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं डेटासेट जपण्यासाठी शिफारस केलेल्या प्रकारांत ती आहे. ग्रंथपालबाईंना बरं वाटेल.

माझं मत तेच आहे, आधी इमेज. यादी नंतर झाली नाही तरी चालेल, इमेज नंतर होणार नाही.

नेरुळ_ग्रंथपाल

यादीशिवाय इमेज म्हणजे ‘न्यू फोल्डर’मध्ये ‘न्यू फोल्डर २’. इमेजच्या फाइलीचं नाव दाखल क्रमांकच ठेवा, मग दोन्ही कामं एकाच वेळी पुढे सरकतात. नंबर घाला, इमेज काढा, चेकसम घ्या, एक ओळ भरा, पुढची डिस्क.

नौपाडेकर

ठरलं. एसक्यूएलाइट, आणि चार टेबलं. तीन माझी, चौथं परवान्याचं: बिल, सीरियल नंबर, डाँगल कुठल्या डब्यात. व्हर्जनचा रकाना मजकूर म्हणून, आणि क्रम लावायला प्रकाशनाची तारीख वेगळी, कारण मजकूर म्हणून क्रम लावला तर १०.०४ हे ४.१० च्या आधी येतं. नंबर १ पासून, बाईंचं ऐकून, जरी मला ‘डिजिट-२००३-जून’ फार आवडत असलं तरी. खारघरताई म्हणतात तसं घरच्यांना फोनवर बघायला दर आठवड्याला एक्सेलची प्रत काढून ठेवीन. ती फक्त वाचायला, भरायला नाही.

खारघर_सेक्टर१२

लिहून ठेवा, वर्षभरात भरणंही तिथेच सुरू होईल.

वागळे_इस्टेटचा_जुना

माझ्याकडे यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह आहे, हेड साफ करून रविवारी घेऊन येतो. साडेतीन इंचीच आहे. तुमच्या खोक्यात पाच पाव इंची निघाल्या तर त्याला हा ड्राइव्ह उपयोगाचा नाही, पाच पाव इंचीचा जुना चालू ड्राइव्हच लागेल. ठाण्यात किंवा वाशीत कुणाकडे असा चालू ड्राइव्ह आहे का?