आकडा नको, ग्राफ पाठवा

सचिव (ए-१०४), स. ६:५२
शेजारच्या बांधकाम साइटकडच्या सेन्सरवर आत्ता पीएम २.५ चा (हवेतल्या बारीक कणांचा) आकडा १३८! बिल्डरला स्क्रीनशॉट पाठवतोय.

बी-३०२
थांबा साहेब. या वेळेला साइटवर कोण असतंय? पंचगंगेवरनं धुकं आलंय. सेन्सरमधला लेझर कणांवर पडतो, उजेड किती उधळला त्यावरनं हिशेब होतो. दमट हवेत कण पाणी धरून फुगतात, धुक्याचे थेंबही धूळ म्हणून मोजले जातात. हा आकडा पाठवला तर बिल्डर हसंल आपल्याला.

ए-२०१ काकू
आणि काल दुपारी ४८ दाखवत होता तेव्हा? चटणीसाठी वाळत घातलेली संकेश्वरी मिरची पांढरीफेक झाली माझी!

बी-३०२
काकू, मेख तिथंच आहे. कटरची, सिमेंटची धूळ जाड. स्वस्तातला सेन्सर बारीक कण बरे पकडतो, जाड कण त्याच्या तावडीत नीट येत नाहीत.

ए-४०३
म्हणजे वर्गणी पाण्यात.

बी-३०२
पाण्यात कशी? आकडा सोडा, वेळ बघा. मंगळवारी २:४० ला कटर सुरू झाला, ग्राफची रेघ उभी चढली. ४ वाजता पाणी मारलं, उतरली. पीएम १० ची (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांची) मर्यादा घनमीटर हवेला १०० मायक्रोग्रॅम, पण ती २४ तासांच्या सरासरीची. त्यात आपला सव्वा-दीड तास विरघळून जातोय. दुसरा सेन्सर मागच्या पार्किंगला लावू. दोन्ही चढले तर गावाची हवा. वारा साइटकडनं असताना पुढचा एकटाच चढला, तर मग बोलू बिल्डरशी.

ए-४०३
रविवारी दीड वाजता पण चढलेला. कटर बंद होता की ओ.

सी-१०१
तांबड्या रश्श्याची फोडणी होती 🙈 सेन्सर आमच्या किचनच्या खिडकीखालीच ठोकलाय.

सचिव
आज हलवतो. आणि ऐका, केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत कोल्हापूर आहे. हवा मर्यादेबाहेर असलेल्या शहरांसाठी केंद्राची २०१८ ची अधिसूचना आहे: उघड्यावर कापणं-घासणं बंद, वाळू-माती झाकायची, पाणी मारायचं. अर्जाला ग्राफ जोडू, आठवड्याभराचा.

ए-२०१ काकू
मिरचीचा फोटो पण जोडा.

सचिव, दु. ३:१०
कटर सुरू झालाय आणि ॲप ऑफलाइन दाखवतंय. कुणी बघता का खाली?

सी-१०१
प्लग काढून तिथं मोबाईल चार्जिंगला लावलाय कुणीतरी. पिवळं कव्हर आहे.

ए-४०३
माझा आहे. आलो.