जुनी आय-एट घ्यायची तर आधी बॅटरी बघ
भावा, नवी असतानाच्या किमतीपेक्षा दीड कोटी वाचतात म्हणून जुनी बीएमडब्ल्यू आय-एट, म्हणजे बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी स्पोर्ट्स कार, कोल्हापुरात आणावी का, असं विचारलंयस. जरूर आण, पण कमी किलोमीटरवर भाळू नकोस. सुरुवातीच्या मॉडेलची बॅटरी 7.1 किलोवॅट-तासांची, गाडी महिनोन्‌महिने नुसती उभी असेल तर तीच आधी तपास. फुल चार्ज कर, इलेक्ट्रिक मोडला टाक आणि पेट्रोल इंजिन सुरू होईपर्यंत किती जाते ते स्वतः चालवून बघ. नवी असताना कागदावर 37 किलोमीटर होते. आपल्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत काय वाट्टेल ते बनवून मिळतं, त्याचा मला अभिमानच आहे. तरी नारंगी हाय-व्होल्टेज केबलला आणि कार्बन फायबरच्या केबिनला तिथं हात लावू देऊ नकोस. पंपावर टाकीच्या झाकणाचं बटण दाबून जरा थांब, टाकीतला दाब उतरल्यावरच झाकण उघडतं.