दादाला हेपॅटायटिस बी निघालाय, ताट वेगळं ठेवायचं का?

प्रश्न
दादा रक्तदान करून आला आणि नंतर फोन आला की भेटून जा. हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. त्याला काहीच त्रास नाहीये, डोळे पिवळे नाहीत की काही नाही, पण आईने ताट-पेला वेगळा काढलाय आणि पुतणीला त्याच्याजवळ जाऊ देत नाही, तो बिचारा गप्प बसून असतो. मला लहानपणी कावीळ झालेली, डॉक्टर म्हणालेले पाण्यातून झाली. मग हेही पाण्यातून पसरतं का? आणि मला होऊन गेलीय म्हणजे आता सेफ ना?

लॅबवाली
आधी ते ताट जागेवर ठेवा! कावीळ हे लक्षण झालं, आजार वेगवेगळे असतात. दूषित पाण्या-अन्नातून येतात ते हेपॅटायटिस ए आणि ई. तुम्हाला बहुतेक त्यातलाच झाला असणार, त्याने बीपासून काही संरक्षण मिळत नाही. बी पसरतो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. जवळ घेतल्याने, एका ताटात जेवल्याने नाही. बघायचंच तर बाथरूममध्ये बघा, रेझर, टूथब्रश, नेलकटर. शरीराबाहेर हा व्हायरस 7 दिवस तग धरतो.

प्रश्नकर्ता
मेलो. मी आणि दादा एकच ट्रिमर वापरतो आणि नेलकटर तर अख्ख्या घरात एकच आहे.

लॅबवाली
घाबरू नका, सगळ्यांची टेस्ट करा, वहिनींची सगळ्यात आधी. सरफेस अँटिजेन (व्हायरस अंगात आहे का) आणि अँटिबॉडी (त्यापासून संरक्षण आहे का) दोन्ही सांगा. दोन्ही निगेटिव्ह आलं तर लस घ्या, मोठ्यांना साधारण 0, 1 आणि 6 महिन्यांनी असे तीन डोस. पुतणीचं लसीचं कार्ड काढून बघा, पहिला डोस जन्मल्यावर 24 तासांत द्यायचा असतो. या लसीने हेपॅटायटिस डीसुद्धा टळतो कारण तो बीशिवाय होतच नाही. दादाला लिव्हरच्या डॉक्टरकडे न्याच, 6 महिन्यांनंतरही अँटिजेन राहिला तर क्रॉनिक म्हणजे जुनाट धरतात, आणि त्रास नाही म्हणून सोडून दिलं की लिव्हर आतल्या आत खराब होत जातं.

जुना मेंबर
आमच्या बाबांना हेपॅटायटिस सी होता. त्याला लस नाही पण 12 आठवडे गोळ्या घेतल्या आणि गेला एकदाचा. बीचं उलटं, लस आहे पण औषधाने बहुतेकदा तो दबून राहतो, पूर्ण जात नाही, म्हणून मनाने गोळ्या बंद करू देऊ नका.

प्रश्नकर्ता
आईला सगळं वाचून दाखवलं. ताट परत मांडणीवर आलं, पुतणी दादाच्या मांडीवर. ट्रिमर त्याला देऊन टाकला. वहिनीची टेस्ट सोमवारी.