खांडेनवमीला नारळ कोण फोडणार?

लेथवाला_नगर
सगळ्यांना सलाम. नगरच्या एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये 22 वर्षं लेथवर आहे. मालक भला माणूस. आईच्या आजारपणात न मागता पैसे हातात ठेवले होते.

आमच्याकडे खांडेनवमीला मशीनं रॉकेलने पुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा होते आणि नारळ फोरमन फोडतो. जुने फोरमन मे महिन्यात रिटायर झाले, जागा मला मिळाली. म्हणजे यंदाचा नारळ माझ्या हातात.

मी ख्रिस्ती. पूजा टाळायला आजवर काय करायचो ते सांगतो, लाज वाटते तरी. आदल्या दिवशी माझा लेथ सगळ्यांपेक्षा चकाचक करायचो, चकच्या फटीतला किस ब्रशने उकरून काढायचो. आणि पूजेच्या दिवशी सकाळी फोन: पोट बिघडलंय. फोरमनचं पोट बिघडून कसं चालेल?

बायको म्हणते, नारळ फोडल्याने कोणी प्रभूला सोडत नाही, पोरीच्या डिप्लोमाची फी बघा. पण रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीच्या भाकरीचं ताट ज्या हातांनी फिरवतो, त्याच हातांनी? तिथे गाडी अडते. बायबलमधल्या नामान सेनापतीला अलीशा संदेष्ट्याने मोकळीक दिलीच होती ना? धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा व्हावी, असं तो म्हणाला. अलीशा म्हणाला, शांतीने जा. मग मला का नको?

तरुण_संघ_पुणे
बायबलमधले शद्रख, मेशख, अबेदनगो राजाच्या मूर्तीपुढे वाकले नाहीत, भट्टीत गेले. तुम्ही फीचा हिशोब करताय?

जालन्याची_मामी
बाळा, भट्टीच्या बाहेर उभं राहून बोलायला काय जातं. तुझ्या घराचा हप्ता कोण भरतं?

वसईकर
मी कॅथलिक, त्यामुळे माझं वेगळं वाटेल. आमच्याकडे होड्यांना फादर आशीर्वाद देतात, पवित्र पाणी शिंपडतात. लेथवर प्रार्थना करायला तुमच्या पाळकांना आदल्या दिवशी बोलवा की. हत्यारांबद्दल देवाचे आभार मानायला कुणाची ना आहे?

निवृत्त_पाळक
सलाम, फोरमनसाहेब. बायबलमधला नामानाचा अध्याय, 2 राजे 5, पुन्हा वाचा, सावकाश. नामान धन्याचा आधार म्हणून वाकत होता, अर्पण करणारा तो नव्हता. दोन खेचरांवर मावेल एवढी माती मागून घेतली, यापुढे परमेश्वराशिवाय कुणाला अर्पण करणार नाही म्हणून. तुमच्याकडे मात्र अर्पण करणारेच तुम्ही, हा फरक लहान नाही. दुसरं, त्याने आपली अडचण आधीच उघडपणे सांगितली. बायबलमधल्या दानीएलालाही राजाच्या ताटातलं अन्न नको होतं, पण त्याने आरडाओरडा केला नाही. कारभाऱ्याला विनंती केली, 10 दिवस भाजी आणि पाणी देऊन बघा म्हणाला.

नारळाचं मला फारसं भय वाटत नाही. तुमच्या पोटाचं वाटतं. देवाशी एकनिष्ठ राहायचं म्हणून दरवर्षी मालकाशी खोटं बोललात. त्याचा हिशोब कुठे धरायचा?

लेथवाला_नगर
पाळकसाहेब, तुमचं लागलं. दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही.

काल शिफ्ट सुटल्यावर केबिनमध्ये गेलो. दारू पिऊन आल्यासारखे पाय लटपटत होते. सगळं सांगितलं, पोटाचंसुद्धा. मालक चष्मा पुसत म्हणाले, "दर दसऱ्याला नेमकं तुझंच पोट बिघडतं, मला काय कळत नव्हतं?" मग म्हणाले, नारळ मिलिंगवाला पोरगा फोडेल, त्याला हौस आहे. पण तू सुट्टी घ्यायची नाही. सगळ्यांसाठी चहा-पोहे तुझ्याकडून.

पूजेच्या वेळी मी मागे उभा राहणार. लेथवर प्रार्थनेसाठी आमच्या चर्चच्या पाळकांनाही विचारलंय, बुधवारी संध्याकाळी येतो म्हणाले. बायको अजून घुश्श्यात आहे, पण 40 माणसांच्या पोह्यांना किती किलो लागतील ते तिनेच काढून दिलं.

जालन्याची_मामी
4 किलो धर. शेंगदाणे हात सैल सोडून घाल.